घरातच पाहायचा भयपट: ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी २’ची डिस्क

‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी २’ हा भयपट ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतील चित्रगृहांत लागला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच्या डीव्हीडी व ब्लू-रे डिस्क बाजारात आल्या. चित्रगृहात दाखवलेल्या आवृत्तीपेक्षा काही मिनिटांनी लांब असलेली दिग्दर्शकाची आवृत्तीही त्या वेळी घरोघरी पोहोचली. चित्रगृहातले प्रदर्शन हाच चित्रपटाचा खरा जन्म आणि डिस्क म्हणजे त्यानंतरची जोडकमाई, असे आपण साधारणपणे धरून चालतो. या चित्रपटाच्या बाबतीत मात्र मला तो क्रम उलटा वाटतो. तो घरातल्या पडद्यासाठीच घडलेला आहे आणि घरातच तो पूर्ण होतो, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. ते मांडताना कथानकाचा शेवटही सांगावा लागणार आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहून घ्यावा.

पहिला भाग ओरेन पेली यांनी २००६ मध्ये सॅन दिएगोतील स्वतःच्या घरात सात दिवसांत, सुमारे १५ हजार डॉलर खर्चून चित्रित केला होता. २००९ मध्ये पॅरामाउंट या हॉलीवूडच्या चित्रपट कंपनीने तो सर्वत्र प्रदर्शित केल्यावर त्याने जगभरात १९ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. दुसऱ्या भागाला सुमारे ३० लाख डॉलर मिळाले. पहिल्याच्या तुलनेत ही रक्कम प्रचंड असली तरी हॉलीवूडच्या हिशेबात ती तुटपुंजीच होती. दिग्दर्शन टॉड विल्यम्स यांच्याकडे आले. यशस्वी भयपटाच्या पुढच्या भागात पैसा हाती आला की तो सहसा भूत दाखवण्यावर खर्च होतो: अधिक मुखवटे, अधिक रक्त, संगणकावर रंगवलेले अक्राळविक्राळ चेहरे. इथे तो पैसा मोठ्या घरात आणि वाढीव कॅमेऱ्यांत गेलेला दिसतो. या निर्णयाबद्दल मला निर्मात्यांविषयी मनापासून आदर आहे.

कथा कॅलिफोर्नियातील कार्ल्सबादमधल्या एका कुटुंबाची आहे. पहिल्या भागातील नायिका केटी हिची बहीण क्रिस्टी, तिचा नवरा डॅनियल, त्याची आधीच्या लग्नाची मुलगी अली, तान्हा हंटर आणि ॲबी नावाची कुत्री असा हा संसार आहे. एके दिवशी घरात कोणी तरी नासधूस करून जाते; केटीने क्रिस्टीला दिलेला एक गळ्यातला दागिना सोडला तर काहीच चोरीला जात नाही. घाबरलेला डॅनियल घरभर सुरक्षा कॅमेरे बसवून घेतो आणि तिथून पुढचा बराचसा चित्रपट आपण त्या कॅमेऱ्यांच्या डोळ्यांनी पाहतो.

पोहण्याचा तलाव, पुढचे दार, स्वयंपाकघर, दिवाणखाना, जिन्याखालची मोकळी जागा आणि बाळाची खोली अशी ही दृश्ये रात्र झाली की एकामागून एक येत राहतात. चौकट हलत नाही, कॅमेरा जवळ जात नाही, कोणत्या कोपऱ्याकडे पाहायचे हे कोणी सांगत नाही. पहिल्या काही रात्री जवळजवळ काहीच घडत नाही. तलाव साफ करणारे स्वयंचलित यंत्र सकाळी पाण्याबाहेर पडलेले सापडते, स्वयंपाकघरात टांगलेले एखादे भांडे खाली पडते, इतकेच. पण त्या अवधीत आपण ते घर पाठ करतो. भांडी कुठे टांगली आहेत, बाळाच्या खोलीचे दार किती उघडे असते, हे आपल्याला त्या कुटुंबापेक्षा अधिक नेमके ठाऊक होते आणि मग एखादी गोष्ट तसूभर सरकली तरी आपल्या आधी आपल्या अंगावरच्या काट्याला ते कळते.

ही पाहण्याची रीत चित्रगृहाला मानवत नाही. इंदूरच्या चित्रगृहांत मी पुष्कळ भयपट पाहिले आहेत आणि तिथल्या शिट्ट्या, आरोळ्या, मागच्या रांगेतून येणाऱ्या सूचना यांचा आनंदही भरपूर घेतला आहे. पहिल्या भागाची जाहिरातही अशाच सामूहिक भीतीवर उभी होती. तिच्या झलकीत अंधाऱ्या प्रेक्षागृहात दचकणारे, किंचाळणारे प्रेक्षकच दाखवले होते. परंतु शंभर माणसे एकत्र घाबरतात तेव्हा ती एकमेकांना धीरही देत असतात. शांतता असह्य झाली की कोणी तरी हसतो आणि ताण सैल पडतो. घरी हसणारे कोणी नसते. शिवाय चित्रगृहात पडदा आपल्या घरासारखा दिसण्याचे काही कारणच नसते, तर घरी तो आपल्याच भिंतीवर असतो आणि त्याच्या दोन हात पलीकडे आपल्याच स्वयंपाकघराचे दार असते.

स्वयंपाकघराचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे, कारण या चित्रपटातील माझ्या मते सर्वांत चांगला प्रसंग तिथे आणि भर दिवसा घडतो. क्रिस्टी एकटी आहे, बाहेर स्वच्छ ऊन आहे, कोणतीही पूर्वसूचना नाही. आणि एका क्षणात सगळी कपाटे, सगळे खण एकदम धाडकन उघडतात. रात्रीच्या दृश्यांमुळे आपण दिवस सुरक्षित मानू लागलेलो असतो आणि दिग्दर्शक नेमका तो विश्वास काढून घेतो. रामबागेतल्या आमच्या घरात दुपारी दोन-अडीचच्या सुमारास, जेवणे होऊन भांडी घासून झाली की एक विशिष्ट सामसूम होते. हा प्रसंग पाहिल्यापासून त्या सामसुमीत फडताळाचे दार करकरले तरी माझे लक्ष जाते. चित्रगृहातून बाहेर पडताना आपण भीती खुर्चीवर ठेवून येऊ शकतो. घरात पाहिलेल्या भीतीला मात्र जायला दुसरी जागाच नसते.

आवाजाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण घरी पाहणारे बहुतेक जण इथेच कमी पडतात. या चित्रपटात नेहमीसारखे पार्श्वसंगीत नाही. ते अदृश्य अस्तित्व जवळ आले की अतिशय खालच्या पट्टीतली, ऐकू येण्यापेक्षा जाणवणारी घरघर सुरू होते. सपाट टीव्हीच्या बारीक स्पीकरांना ही पट्टी पेलत नाही. सुमारे १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) खाली त्यांचा जोर संपतो आणि चित्रपटाचा निम्मा प्राण तिथेच हरवतो. त्यातच घरातली मंडळी झोपलेली असतात म्हणून आवाज कमी केलेला असतो. सबवूफर, म्हणजे खालच्या पट्टीच्या आवाजासाठीचा वेगळा स्पीकर, असलेली स्पीकर-व्यवस्था असेल तर उत्तमच, नसेल तर कान पूर्ण झाकणारा चांगला हेडफोन वापरावा.

चित्रपटातील भुताचे मूळ कारण अमेरिकी प्रेक्षकाला कसे वाटले असेल ते असो, मराठी घरात वाढलेल्या माणसाला ते फार ओळखीचे वाटते. अली माहिती शोधत जाते आणि तिला शंका येते की क्रिस्टीच्या कोणा पूर्वजाने वैभवासाठी एका सैतानी शक्तीशी सौदा केला असावा, आणि त्या बदल्यात कुळातला पहिला मुलगा कबूल केला असावा. हंटर हा क्रिस्टीच्या माहेरच्या कुळात बऱ्याच काळानंतर जन्मलेला पहिला मुलगा आहे. फेडायचा राहिलेला नवस पुढच्या पिढीच्या दारात येऊन उभा राहतो, ही कल्पना आपल्याकडे आजीच्या गोष्टींपासून कुलदैवताच्या वाऱ्यांपर्यंत सर्वत्र पसरलेली आहे. घरात काम करणारी मार्टिन ही बाई सर्वांत आधी सावध होते. ती खोल्यांतून धूर फिरवते, प्रार्थना म्हणते, आणि डॅनियल तिला अंधश्रद्धाळू ठरवून कामावरून काढून टाकतो. पुढे सगळे उपाय थकल्यावर तो तिलाच बोलावतो आणि तिच्या सांगण्यावरून ते संकट बायकोच्या अंगावरून उतरवून तिच्या बहिणीवर, म्हणजे केटीवर, ढकलतो. आपल्या माणसाला वाचवण्यासाठी दुसऱ्याचे घर संकटात घालणारा हा निर्णय तो फारशी घासाघीस न करता घेतो. मला या चित्रपटातले सर्वांत भयंकर कृत्य हेच वाटते आणि ते कोणत्याही सैतानाने केलेले नाही.

कमी खर्चाच्या भयपटाचे घराशी असलेले नाते डिस्कपेक्षा जुने आहे. चित्रपट-वितरणाच्या नकाशावर इंदूर हे सेंट्रल इंडिया सर्किटचे, म्हणजे त्या नावाच्या वितरण-विभागाचे, मोठे केंद्र आणि मुंबईतले रामसे बंधूंचे भयपट अशा सर्किटांतल्या लहान गावांनी उचलून धरले. १९८४ चा ‘पुराना मंदिर’ हे त्यातले ठळक यश. त्याच दशकात व्हीसीआर भाड्याने आणून एका रात्रीत तीन-चार कॅसेटी पाहण्याची पद्धत आमच्या मोहल्ल्यातही रुळली होती आणि त्यातली एक कॅसेट हमखास भुताची असे. वडीलधारी मंडळी पहिल्या चित्रपटानंतर झोपायला जात आणि भुताची कॅसेट त्यानंतर लागे. मोठ्या निर्मितीचे चित्रपट लहान टीव्हीवर खुजे दिसत. भयपट मात्र त्या मिणमिणत्या, पट्टे उमटलेल्या चित्रात अधिकच खरा वाटे.

माझा भाचा विजयनगरात राहतो. परवा तो कपाटातल्या डिस्क पाहून म्हणाला, “मामा, आता हे सगळं मोबाईलवर मिळतं, मग ही अडगळ कशाला ठेवता?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी त्याला दिले तसे इथेही देतो. चित्र दाबून साठवताना प्रत्येक चौकट, म्हणजे चित्रपट ज्यांतून बनतो ते एकेक स्थिर चित्र, पूर्ण न ठेवता आधीच्या चौकटीपेक्षा जे बदलले तेवढेच प्रामुख्याने ठेवले जाते. स्थिर कॅमेऱ्याच्या दृश्यात बदल थोडा, म्हणून ते साठवणे सोपे असावे असे वाटते. पण रात्रीच्या चित्रात बारीक कणांची सळसळ असते आणि ती प्रत्येक चौकटीत बदलते. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राला जागा कमी मिळाली की पहिला बळी या कणांचा जातो, अंधारी भिंत चौकोनी ठिगळांत किंवा पट्ट्यांत फुटते आणि कोपऱ्यात खरेच काही हलले की नुसते चित्र फाटले, हे ओळखता येत नाही. ज्या चित्रपटात अंधाऱ्या कोपऱ्याकडे पाहणे हेच प्रेक्षकाचे काम आहे, तिथे हे नुकसान मोठे आहे. एका थराच्या ब्लू-रेवर २५ जीबी आणि दोन थरांच्या डिस्कवर ५० जीबी जागा असते, त्यामुळे तो अंधार बराचसा अखंड राहतो. डिस्क बहुधा जगाच्या ठरावीक विभागातल्या प्लेअरपुरत्याच बांधलेल्या असतात, म्हणून परदेशातून त्या मागवणाऱ्यांनी एवढे पाहावे की भारत डीव्हीडीच्या पाचव्या आणि ब्लू-रेच्या ‘सी’ विभागात येतो, तर अमेरिका अनुक्रमे पहिल्या आणि ‘ए’ विभागात. बंधन घातलेली अमेरिकी डिस्क आपल्या साध्या प्लेअरवर चालणार नाही.

भाच्याला मी दोन्ही भाग दिले आहेत आणि प्रदर्शनाच्याच क्रमाने पाहायला सांगितले आहे. दुसऱ्या भागातील बहुतेक घटना पहिल्याच्या आधी घडतात, म्हणून कालक्रमाने पाहण्याचा मोह होतो, तो टाळावा. पहिल्या भागात केटीचा जोडीदार मिका याला माळ्यावर तिच्या लहानपणीचा एक अर्धवट जळलेला फोटो सापडतो आणि तो तिथे कसा आला हे तिला कळत नाही. दुसऱ्या भागात डॅनियल तो विधी करताना तोच फोटो जाळतो. हे दिसल्याबरोबर चित्रपट थांबवावा, पहिली डिस्क घालून माळ्याचा प्रसंग पुन्हा पाहावा आणि मगच पुढे जावे. चित्रगृहात हे करता येत नाही.