स्त्रीबीज देण्यापूर्वी

“ताई, बीज द्यायचे म्हणते, मला पुढे काही होणार तर नाही ना?” वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्यांच्या समुपदेशनाचे काम करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, कधी धुण्याभांड्याची कामे करणारी बाई विचारते, कधी बहिणीला मूल व्हावे म्हणून पुढे आलेली नोकरदार मुलगी. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

टेस्ट ट्यूब बेबीच्या खटाटोपात दात्री, म्हणजे दुसऱ्या जोडप्यासाठी आपले बीज देणारी स्त्री, ही अशी व्यक्ती असते, जिला कोणताही आजार नाही आणि जिच्या शरीरावर होणाऱ्या उपचारांचा तिला स्वतःला काडीचाही वैद्यकीय लाभ नाही. जोडप्याला मूल हवे असते, डॉक्टरांना यश हवे असते, मधल्या एजंटबाईंना कमिशन हवे असते. दात्रीची प्रकृती ही मात्र त्यांपैकी कुणाचीच पहिली चिंता नसते. ती चिंता दात्रीनेच करायची, आणि तीही पहिले इंजेक्शन टोचून घेण्याआधी.

कायदा येथे बऱ्यापैकी तिच्या बाजूचा आहे. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दात्रीचे वय २३ ते ३५ वर्षे असावे लागते, तिला आयुष्यात एकदाच बीज देता येते, सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत आणि बीज घेणाऱ्या जोडप्याने तिच्यासाठी बारा महिन्यांचा विमा उतरवणे बंधनकारक आहे. दात्री मिळवून देण्याचे काम नोंदणीकृत बीज बँकेनेच करायचे असते. वस्तीत फिरणाऱ्या ओळखीच्या बाईने नव्हे. हे नियम उगाच आलेले नाहीत. २०१० मध्ये मुंबईत भंगाराच्या दुकानात काम करणारी १७ वर्षांची मुलगी बीज दिल्यानंतर दगावली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. कायदा झाल्यानंतरही, २०२२ मध्ये, तमिळनाडूतील इरोड येथे एका अल्पवयीन मुलीचे वय खोट्या आधार कार्डावर वाढवून तिची बीजे विकल्याचे उघड झाले. तेव्हा “दुसऱ्या नावाने कार्ड करून देतो” असे कुणी सुचवले, तर तेथून सरळ उठावे.

आता प्रत्यक्ष काय होते ते पाहू. आधी एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग यांच्या रक्ततपासण्या होतात, बहुतेक ठिकाणी थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही होते. अंडाशयाची क्षमता एएमएच (अंडाशयात किती बीजे आहेत याचा अंदाज देणारे संप्रेरक) या रक्ततपासणीने आणि योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने अजमावली जाते. पाळी आल्यावर साधारण दहा-बारा दिवस पोटावर रोज संप्रेरकांचे इंजेक्शन घ्यावे लागते. ही औषधे बहुधा फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, आणि ज्यांच्या घरी फ्रिज नसतो त्या शेजारणीकडे “साखरेच्या इंजेक्शनची पिशवी” म्हणून ठेवतात, असे मी पाहिले आहे. या काळात संबंध टाळावेत, कारण एका वेळी अनेक बीजे पक्व होत असल्यामुळे दात्रीलाच दिवस जाण्याची शक्यता असते. बीज पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन दिल्यावर सुमारे ३४ ते ३६ तासांनी, थोडी भूल देऊन, सोनोग्राफीत पाहत योनीमार्गातून सुईने बीजे ओढून घेतात. हे वीसेक मिनिटांचे काम असले, तरी भूल ती भूलच. त्या दिवशी रिक्षाने एकटीने घरी जायचे नसते.

यामुळे पुढे स्वतःची बीजे कमी पडतील ही भीती सहसा निराधार असते, कारण त्या महिन्यात एरवी आपोआप जिरून गेली असती अशीच बीजे औषधांनी वाढवली जातात. खरा धोका वेगळा आहे. अंडाशये औषधांना प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतात, पोटात पाणी साचते, रक्त घट्ट होते, आणि क्वचित प्रसंगी रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. एएमएच भरपूर असलेली, पीसीओ (अंडाशयात अनेक अपक्व बीजकोश साचण्याचा त्रास) असलेली किंवा अगदी तरुण स्त्री या बाबतीत अधिक जोखमीत असते. म्हणजे ज्या अहवालावर क्लिनिक खूश होते, तोच अहवाल दात्रीने सावधपणे वाचायचा असतो. हा धोका टाळण्याचे मार्गही आहेत: औषधाची मात्रा बेताची ठेवणे, आणि शेवटच्या इंजेक्शनासाठी एचसीजी या नेहमीच्या संप्रेरकाऐवजी कमी जोखमीचे जीएनआरएच अ‍ॅगोनिस्ट वापरणे. “मला शेवटचे इंजेक्शन कोणते देणार?” असे विचारणारी दात्री डॉक्टरांना आगाऊ वाटली तरी चालेल. सातच बीजे घ्यायची असताना मात्रा पंधरांच्या हिशेबाने का, हाही रास्त प्रश्न आहे. नंतर पोट फुगत गेले, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली किंवा दम लागला, तर सकाळची वाट पाहू नये.

जन्मणाऱ्या मुलावर दात्रीचा कोणताही कायदेशीर हक्क राहत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात बायकोच्या धाकट्या बहिणीच्या बीजापासून सरोगसीने जुळ्या मुली झाल्या होत्या. पुढे नवरा-बायको वेगळे झाले, तेव्हा मेहुणीच जैविक आई असून बायकोला हक्क नाही, असे नवऱ्याने म्हटले. न्यायालयाने ते मानले नाही आणि त्या बायकोला मुलींना भेटण्याची मुभा दिली. बहिणीसाठी बीज देऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र केवळ मायेवर विसंबू नये. आजच्या कायद्यात हे बसते का, हे वकिलाकडून आधी समजून घ्यावे. परदेशात नियम आणखी निराळे आहेत: ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर दिलेल्या बीजापासून जन्मलेल्या व्यक्तीला अठराव्या वर्षी दात्रीचे नाव कळू शकते. आपल्याकडे नाव गुप्त ठेवतात हे खरे, परंतु डीएनए चाचणी घरबसल्या करता येण्याच्या काळात ती गुप्तता जन्मभर टिकेलच, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पैशांविषयी सगळेच चाचरत बोलतात. बीजाची विक्री हा गुन्हा आहे. तरीही व्यवहार होतात आणि त्यातला मोठा वाटा मधल्यांच्या खिशात जातो. घरभाडे थकले म्हणून आलेल्या बाईला मी नीतीचे पाठ देत नाही. पण त्या रकमेत नंतरच्या आजारपणाचा खर्च धरलेला नसतो, तो विम्यातूनच यायचा असतो, एवढे सांगते. म्हणून संमतीपत्र मराठीत वाचून घ्यावे आणि त्याची प्रत, विम्याची पॉलिसी, दिलेल्या औषधांची यादी व रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर स्वतःजवळ ठेवावा. “फाइल बाहेर देत नाही” असे उत्तर मिळाले, तर तपासण्या झालेल्या असल्या तरी तेथे इंजेक्शन सुरू करू नये.