मांड्या भरलेल्या दिसल्या म्हणजे इग्वाना धष्टपुष्ट असं नाही

पावसाळा संपत आलेला, दवाखान्यात नेहमीसारख्या गोचीडतापाच्या केसेस, आणि त्या गर्दीत एक कॉलेजातला मुलगा आणि त्याची आजी कपड्यांच्या बास्केटमध्ये टॉवेल अंथरून इग्वाना, म्हणजे मोठा विदेशी सरडा, घेऊन आले. बाकड्यावरची माणसं घोरपड घोरपड करत सरकून बसली. मुलगा म्हणाला, बंटीने चढायचंच सोडलंय, नुसता पडून असतो.

मी हात लावायच्या आधी थोडा वेळ बघत राहतो. पुढच्या पायांची बोटं मधूनच थरथरत होती. मग हलकेच खालचा जबडा दाबून बघितला तर तो रबरासारखा वाकला, आणि तिथेच माझ्या पोटात खड्डा पडला.

आजी म्हणाल्या, "अहो डॉक्टर, खातो की तो भरपूर, मांड्या बघा कशा भरल्यात." मला भीती त्या मांड्यांचीच होती. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं, हाड मऊ पडतं आणि त्याला आधार म्हणून भोवती तंतूंचा थर चढतो. तो थर बाहेरून मांस वाटतो.

एक्स-रेला भूल द्यावी लागली नाही. डोळ्यांवर कापसाचे बोळे ठेवून वरून हलकी पट्टी गुंडाळली की त्या दाबाने इग्वानांच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि ते शांत पडून राहतात, मला हे दरवेळी बघायला फार आवडतं. फिल्मवर मात्र जिथे पांढरी हाडं दिसायला हवीत तिथे मांस आणि हाड जवळपास एकाच राखाडी रंगाचं, आणि एका मांडीत जुनं, वाकडं जुळलेलं फ्रॅक्चर. घरात कुणाला पत्ताच नव्हता.

खायला काय देता विचारलं तर रोज पालक, काकडी, आणि ताकद यावी म्हणून अधूनमधून उकडलेलं अंडं. पालकातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, काकडीत जवळजवळ पाणीच, आणि इग्वाना पक्का पालाखाऊ, अंड्याचा भार त्याच्या किडन्यांवर पडतो. पण मूळ दुखणं वेगळंच होतं. पिंजरा खिडकीशी होता, दिवसभर ऊन यायचं, पण बंद काचेतून! काचेतून ऊब येते, पण कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार व्हायला लागणारे यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, साधारण 290 ते 315 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचे, काच जवळपास सगळे अडवते, आणि डी३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. पुण्यासारख्या गावात फुकटचं ऊन असताना एक जीव उन्हावाचून मोडतोय हे मला अजिबात सहन होत नाही.

त्याला आधी ऊब दिली, मग कोमट सलाईन आणि ठोके बघत बघत कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन. संध्याकाळी थरथर उतरली. मग मुलाला समोर बसवून सगळं लिहून दिलं, की यूव्हीबी ट्यूब लावायची आणि मध्ये काच किंवा प्लास्टिक नको, ट्यूब पेटत असली तरी किरण कमी होत जातात म्हणून सहा ते बारा महिन्यांत बदलायची, ऊन खायच्या जागी 35 अंशांच्या आसपास तापमान, सकाळी जाळीच्या पिंजऱ्यात गच्चीवर, अर्ध्या भागाला सावली, आणि काचेची पेटी उन्हात कधीच नाही, आत भाजून मरतात. चढायच्या फांद्या हाडं घट्ट होईपर्यंत काढून टाक म्हटलं. आजींना म्हटलं, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, लसूणघास, किसलेला लाल भोपळा. शेवगा तर आमच्या दारातच आहे की, म्हणाल्या.

विकणाऱ्याने तळहाताएवढं पिल्लू देताना हा पाच-सहा फुटांचा होतो, पंधराएक वर्षं जगू शकतो, यातलं काहीच सांगितलं नव्हतं आणि बिलावर नुसतं 'सरडा'. याचा मला खरंच राग येतो. वन्यजीव कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली, त्यानुसार साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या यादीतले असे विदेशी प्राणी पाळायचे तर नोंदणी करावी लागते, तेही सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायला सांगितलं.

नंतरच्या एक्स-रेत हाडांच्या कडा दिसायला लागल्या. वाकडी मांडी तशीच राहणार, पण जबडा घट्ट झालाय आणि तपासताना त्याने मला शेपटीचा सणसणीत फटका दिला, आधी एवढं त्राणच नव्हतं त्याच्यात. पुढच्या खेपेला शेपटीखालच्या शिरेतून रक्त घेऊन कॅल्शियम-फॉस्फरस परत बघायचंय, किडन्यांचंही तेव्हाच कळेल.