पिशवीवर पत्ता नसतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. चेतापेशीच्या (न्यूरॉनच्या) आत माल पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून नेला जातो, हे कुणाला सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण कुठे जायचं हे त्या पिशवीला कळतं कसं? पत्ता कोण घालतं?" उत्तर मला आजही विलक्षण वाटतं. पत्ता कुणीच घालत नाही.

आधी अंतर पाहू. कण्यातून निघून पावलाच्या स्नायूपर्यंत पोचणारा अ‍ॅक्सॉन, म्हणजे चेतापेशीचा लांब तंतू, जवळपास एक मीटर लांब असतो. चेतासंधीवरची, म्हणजे अ‍ॅक्सॉनचं टोक पुढच्या पेशीला भिडतं तिथली, पिशवी (व्हेसिकल) साधारण ४० नॅनोमीटरची. ती नुसती विसरणाने, म्हणजे आपोआप इकडेतिकडे भरकटत, पोचेल का? विसरणाचा दर सेकंदाला १० चौरस मायक्रोमीटर, म्हणजे पिशवीच्या मानाने फारच सढळ, धरला तरी दीड हजारावर वर्षं लागतात. म्हणून माल ओढत चालणारी मोटर प्रथिनं. बाहेर, म्हणजे अ‍ॅक्सॉनच्या टोकाकडे, जायला बहुतेक कायनेसिन, परतायला डायनिन. रस्ता सूक्ष्मनलिकांचा, म्हणजे प्रथिनांच्या बारीक नळ्यांचा, आणि अ‍ॅक्सॉनमध्ये त्यांची धन टोकं (ज्या टोकाकडे कायनेसिन चालतं ती) जवळजवळ एकजात बाहेरच्या बाजूला असतात, त्यामुळे दिशेचा निम्मा प्रश्न रस्त्यानेच सोडवलेला असतो.

कायनेसिन १९८५ मध्ये स्क्विडच्या जाड अ‍ॅक्सॉनमधून वेगळं काढलं गेलं. त्याची चाल जवळून पाहण्यासारखी आहे. दोन डोकी असतात. पुढच्या डोक्यात एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, रेणू बसला की त्याच्या मानेचा छोटा पट्टा डोक्याला चिकटतो आणि मागचं डोकं १६ नॅनोमीटर पुढे फेकलं जातं. पिशवी सरकते ८ नॅनोमीटर. एका पावलाला एक एटीपी, सेकंदाला शंभराच्या आसपास पावलं. एक मीटर म्हणजे साडेबारा कोटी पावलं! पण एकटं कायनेसिन शंभरेक पावलांत, म्हणजे मायक्रोमीटरभर चालून, सुटतं. म्हणून एका पिशवीवर अनेक मोटर हव्यात.

अ‍ॅनिमेशनमध्ये हे चालणंच दाखवतात आणि सगळं तिथेच संपतं. माझ्या मते खरी गोष्ट मोटर न चालण्यात आहे. माल नसलेलं कायनेसिन-१, म्हणजे वर सांगितलेलं मूळ कायनेसिन, दुमडून बसतं. त्याचं शेपूट डोक्यांना अडवून धरतं. माल जोडणारं प्रथिन आलं की घडी उलगडते. चेतासंधीच्या पिशव्यांचं पूर्वरूप वाहून नेणारं केआयएफ१ए हे त्याच कुळातलं मोटर प्रथिनही असंच बंद असतं, आणि पिशवीवर बसलेलं एआरएल-८ हे छोटं प्रथिन जीटीपी (एटीपीसारखाच एक रेणू) धरून आलं की त्याचं कुलूप निघतं. ज्या कृमींत एआरएल-८ नसतं, त्यांच्यात पिशव्या वाटेतच थांबून गोळा होतात.

हे कुलूप किती मोलाचं आहे ते केआयएफ१एच्या जनुकातल्या दोषांवरून कळतं. मोटर लुळी पाडणाऱ्या दोषांमुळे पायांत ताठरपणा येणारा आनुवंशिक आजार होतो, यात नवल नाही. पण त्याच आजाराचे काही दोष मोटर जास्तच चालवतात: कुलूप ढिलं पडतं आणि वाहतूक वाढते. मोटर सतत सुरू राहणं पेशीला तितकंच महागात पडतं. हे समजलं, की "मोटर बळकट करणारं औषध" ही कल्पना किती भाबडी आहे तेही लक्षात येतं.

आता परतीचं. सस्तन प्राण्यांतलं डायनिन एकटं जेमतेम चालतं. डायनॅक्टिन हा मदतनीस प्रथिनसमूह आणि बीआयसीडी२सारखं, मालाला मोटरशी जोडणारं जोडप्रथिन मिळालं की ते लांब पल्ला मारतं. अनेक पिशव्यांवर कायनेसिन आणि डायनिन एकाच वेळी बसलेले असतात. मग दिशा कोण ठरवतं? बहुधा जोडप्रथिनावर चिकटलेला एखादा फॉस्फेट गट. बीडीएनएफ या चेतापेशींना जगवणाऱ्या प्रथिनाच्या पिशव्यांवर हंटिंग्टिन हे असं जोडप्रथिन असतं. त्याच्या ४२१ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढला की पिशवी बाहेर निघते, उतरला की मागे वळते. हंटिंग्टनच्या आजारात बदललेल्या हंटिंग्टिनमुळे ही बीडीएनएफची वाहतूक मंदावते.

उरला पिशवीने कुठे उतरायचं हा प्रश्न. चेतासंधीपाशी सूक्ष्मनलिकांची नवी, वाढती धन टोकं जास्त असतात आणि तिथल्या ट्यूब्युलिनवर, म्हणजे नलिका ज्या प्रथिनाची बनते त्यावर, अजून जीटीपी असतो. अशा ट्यूब्युलिनवर केआयएफ१एची पकड सैल असते, म्हणून ते तिथेच सुटतं. तुम्ही विचारलेला पत्ता तो हाच, रस्त्याच्या टोकाला लिहिलेला. पुढे पेशीच्या पटलाशी जुळून पिशवी रिकामी होणं हे स्नेअर प्रथिनांचं काम.

जे स्वतः कायमोग्राफ, म्हणजे पिशव्यांची वेळेनुसार हालचाल रेघांत दाखवणारं चित्र, पाहतात त्यांच्यासाठी एक सांगतो. त्यात एका बाजूला कललेली रेघ म्हणजे बाहेर जाणं, दुसऱ्या बाजूला कललेली म्हणजे परतणं, उभी म्हणजे थांबणं. फक्त कललेल्या रेघांचा उतार मोजून वेग नेहमीसारखा आला की सगळं ठीक आहे असं मानू नका. किती पिशव्या मुळात निघाल्या, किती वेळ थांबल्या, कितींदा उलट्या वळल्या, हे वेगळं मोजा. कुलपातला बिघाड सहसा त्याच आकड्यांत सापडतो.