तुम्ही विचारलंत म्हणून: आकाशवाणी अजून लागते का?

मोबाईलचं कव्हर घ्यायला आलेली पोरं वरच्या फळीवरचे रेडिओ बघतात आणि हमखास विचारतात, "मामा, आकाशवाणी अजून लागते होय?"

लागते की. पण कुठं आणि कशी, ते तुमच्या रेडिओत कुठले बँड, म्हणजे कुठल्या लहरी पकडायची सोय आहे त्यावर.

वडिलांनी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत रेडिओचं दुकान काढलं तेव्हा व्हॉल्व्हचे रेडिओ होते. रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागायचं, हे आता कुणाला खरं वाटत नाही. मुंबईचं केंद्र १९२७ सालचं, तेही एका खासगी कंपनीचं. तीन वर्षांत कंपनी बुडाली, सरकारनं कारभार हातात घेतला आणि १९३६ साली त्याचं 'ऑल इंडिया रेडिओ' झालं. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेली केंद्रं फक्त सहा. पुण्याचं १९५३ साली निघालं, आमच्या शेजारचं सांगली १९६३ साली.

मधला काळ मात्र मजेचा. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ. त्यांना सिनेमाची गाणी नको, शास्त्रीय संगीत हवं. हेतू चांगलाच होता, पण लोकांनी काटा फिरवला आणि लावलं श्रीलंकेचं रेडिओ सिलोन, तिथं सिनेमाची गाणी लागायची. ते शॉर्टवेव्हवर, म्हणजे लांबून येणाऱ्या लहरींच्या बँडवर. त्यामुळं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "सिलोन लागतंय का?" शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीचीच, सिनेमाची गाणी लावणारी विविध भारती सुरू झाली, तीही मुंबई आणि मद्रासच्या शॉर्टवेव्हवरूनच. सरकारला माघार घ्यायला लावली ती कुठल्या मोर्चानं नव्हे, घराघरातल्या काट्यानं, असं वडील म्हणायचे. दहा वर्षांनी तिच्यावर जाहिरातीही आल्या.

शेतीचं वेगळंच. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं, त्यात कोल्हापूर जिल्हाही. आठवड्यातून दोनदा माणसं रेडिओभोवती बसायची, अर्धा तास ऐकायची, मग चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायची. रेडिओला उलट प्रश्न विचारायची सोय तेव्हा होती! आता सगळ्यांच्या हातात फोन आहे, पण इतक्या निवांतपणे कोण ऐकून घेतंय?

मला स्वतःला मीडियम वेव्ह सगळ्यात आवडते. सांगली १२५१ किलोहर्ट्झवर. ही लहर जमिनीला धरून चालते, डोंगर आला तर वळसा घालते. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून उलटून शेकडो मैल जाते, म्हणून अंधार पडला की दूरची केंद्रंही घुसतात. एफएमचं तसं नाही. कोल्हापूर केंद्र १०२.७ वर काचेसारखं स्वच्छ ऐकू येतं, पण ती लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. डोंगराआड गेलात की संपलं. खासगी वाहिन्याही एफएमवरच, आणि त्या आल्यापासून लोकांना रेडिओ म्हणजे एफएम एवढंच ठाऊक. दुकानात येणाऱ्या नव्या स्वस्त सेटांत कैकदा मीडियम वेव्ह नसतेच. त्यात घरोघरी एलईडी दिवे आणि चार्जर. त्यांची खरखर सगळी मीडियम वेव्हवरच पडते, दोष मात्र आकाशवाणीच्या नावावर.

काही वर्षांमागं डोंगरातल्या गगनबावड्याकडचे एक आजोबा जुना दोन बँडचा सेट घेऊन आले. "सांगली लागंना झालंय. गोठ्यात लावतो, धार काढताना. पोरानं एफएमवाला आणून दिलाय, पर त्यात नुसती शूऽऽ करतंय." सेट उघडला. डायलची दोरी तुटली होती, बाकी सगळं ठीक. दोरी घातली, तरी आवाज बारीक. मग सेट तसाच टेबलावर पाव फेरी वळवला. आतली फेराइटची कांडी, म्हणजे मीडियम वेव्हचा अँटेना, केंद्राकडं आडवी झाली आणि आवाज भरून आला.

आजोबांनी विचारलं, "हे फिरवायचं किती रुपये?"

मी दोरीचे घेतले. जाताना त्यांनी दाराच्या चौकटीपाशी थांबून, गोठ्यात म्हैस कुठं बांधतो आणि सांगली कुठल्या अंगाला येते, ते हातानं दोनदा ताडून बघितलं.