नसलेल्या तळ्यातला राक्षस

मिलानहून लोदीची गाडी पाऊण तासाच्या आत पोहोचवते. वाटेत दोन्ही बाजूंना मका, पॉप्लरच्या सरळ रांगा आणि काठोकाठ भरलेले कालवे. मोठं तळं कुठेच दिसत नाही, कारण ज्या तळ्यासाठी आम्ही निघालो ते शेकडो वर्षांपूर्वीच आटलं. त्याचं नाव जेरुन्दो. त्यात राहणारा तारांताझियो हा राक्षस मात्र लोकांनी अजून जपून ठेवला आहे. कुठे छताला टांगून, कुठे मोटारीच्या बिल्ल्यावर.

कथा थोडक्यात अशी. आद्दा, सेरियो आणि ओल्यो या नद्यांच्या मधल्या दलदलीत सर्पासारखा एक प्राणी होता. तो होड्या उलथवी, काठावरची पोरं गिळी आणि त्याच्या श्वासाने गावंच्या गावं तापाने फणफणत. मारला कोणी, यावर एकमत नाही. लोदीकर श्रेय संत क्रिस्तोफोरोला देतात आणि १३०० सालच्या पहिल्याच दिवशी तळं आटलं असं सांगतात. मिलानमधली कथा म्हणते की पुढे मिलानवर राज्य केलेल्या विस्कोंती घराण्याच्या मूळपुरुषाने त्याला ठार केलं. आपल्याकडे विहिरीच्या आसरा ज्या कामाला येतात, त्याच कामाचा हाही प्राणी: पोरांना पाण्यापासून लांब ठेवणारा.

जेरुन्दो म्हणजे एकसंध खोल तळं नव्हतं, हे आधीच मनाशी पक्कं करावं. नाहीतर काठ शोधण्यात दिवस जातो. नद्या वारंवार पात्र सोडत, पाणी साचे, मध्ये रेतीची बेटं उरत. स्थानिक बोलीत ‘जेरा’ म्हणजे खडी. नावातही तीच आहे, असं मानतात. संत क्रिस्तोफोरोच्या जोडीला फावडंही होतंच. मठवासींनी आणि गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चर खणले, कालवे काढले. लोदीकरांनी तेराव्या शतकात मुत्सा कालव्याचं मोठं काम केलं. राक्षस खरा मेला तो इथे. जुना काठ पाहायचा तर लोदीच्या चौकातून आद्दावरच्या पुलापर्यंत चालत जा. शहर उंचवट्यावर आहे आणि नदीकडे जाताना रस्ता स्पष्ट उतरतो. जुनं लोदी मिलानकरांनी उद्ध्वस्त केल्यावर ११५८ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने नव्या शहरासाठी हीच टेकडी दिली.

लोदीत एक पदार्थ चुकवू नये: रास्पादुरा. मोठ्या गोल चीजवरून पातीने काढलेले कागदाइतके पातळ पापुद्रे. शाकाहारी मंडळींनी मात्र विचारून घ्यावं. या भागातलं ग्राना जातीचं चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, आणि दुकानदार ‘मांस नाही’ असं सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

पुढे पिझिगेत्तोने. कोडोन्यो आणि क्रेमोनाच्या मधलं तटबंदीचं गाव, मधून आद्दा वाहते. सगळ्या गाड्या इथे थांबत नाहीत, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवा. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी स्थानकातल्या यंत्रात छाप मारून घ्या. न छापलेल्या तिकिटाला दंड होतो. बहुतेक प्रवासी येतात ते पावियाच्या लढाईत हरलेल्या फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्स्वाला १५२५ मध्ये जिथे कोंडलं होतं तो बुरूज पाहायला. आपलं काम सान बास्सियानो चर्चमध्ये. तिथली मोठी बरगडी तारांताझियोची समजली जाते. ती दर्शनी भागात शोधत बसू नका, आत विचारा. दुपारी बारा ते तीन चर्च बंद असतात. लोक नेमके तेव्हाच पोहोचतात.

क्रेमासाठी त्रेविल्यो–क्रेमोना हा रेल्वेफाटा. संत अगुस्तीनच्या जुन्या मठातल्या नगर संग्रहालयात एकाच झाडाचं खोड कोरून केलेल्या होड्या आहेत, या भागातल्या नद्यांतून निघालेल्या. दंतकथेपेक्षा त्या जास्त बोलक्या. इथे माणसं होडीने फिरत होती आणि उथळ, गवताळ पाण्यात अशीच सपाट बुडाची होडी चालते. जेवणात तोर्तेल्ली क्रेमास्की घ्या: आत बदामी बिस्किटाचा चुरा, मनुका, साखरेत मुरवलेलं लिंबूवर्गीय साल आणि पुदिन्याची गोळी, वर वितळलेलं लोणी. गोडाची करंजी चीज घालून खावी तसा प्रकार. पहिला घास चमत्कारिक लागतो, तिसरा नाही.

आता राक्षसाचा श्वास. दलदलीत कुजलेल्या पाल्यापासून मिथेन सुटतो, आणि साचलेल्या पाण्यावर डास. दुर्गंधी आणि हिवताप एकत्र आले की श्वास विषारी ठरायला वेळ लागत नाही. ‘मलेरिया’ हा शब्दच मुळी इटालियनमधल्या ‘वाईट हवे’चा. गंमत पुढे आहे. लोदीजवळच्या काव्यागाला १९४४ मध्ये जमिनीत खोलवर नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला. हा वायू दलदलीचा नव्हे, पण योगायोग लोकांनी सोडला नाही. १९५२ च्या स्पर्धेतून आजिप या तेल कंपनीने (ती पुढे एनी कंपनीत गेली) आग ओकणारा सहा पायांचा काळा कुत्रा बोधचिन्ह म्हणून घेतला, तो तारांताझियोच, असं इथे सर्रास ऐकू येतं. कंपनीकडचा रूढ अर्थ वेगळा: चार पाय मोटारीची चाकं, दोन चालकाचे. पेट्रोलपंपावर तो कुत्रा दिसला की काय मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मिलानचा ‘बिशोने’, म्हणजे तोंडात माणूस धरलेला साप, विस्कोंतींचं चिन्ह. १९१० पासून तो आल्फा मोटारीच्या बिल्ल्यात उजव्या अर्ध्यात आहे. मूळ पाहायचं असेल तर स्फोर्झा किल्ल्यात भिंतींवर, दारांवर शोधा. त्याची दुसरी कथा धर्मयुद्धात मारलेल्या सरदाराची आहे, तेव्हा तारांताझियोवर सगळा भार टाकू नये.

सगळ्यात चांगली बरगडी बेर्गामोच्या बाजूला, आल्मेन्नो सान साल्वातोरे इथल्या सान जोर्जो चर्चमध्ये. बेर्गामोहून दहा-बारा किलोमीटर, इमान्या खोऱ्याकडे जाणाऱ्या बसने. चर्च गावाबाहेर, दगडी, रोमानेस्क म्हणजे मध्ययुगीन गोल कमानींच्या घडणीचं, आत भित्तिचित्रं. मान वर केली की अडीच मीटरहून लांब बरगडी टांगलेली दिसते. रोज उघडं नसतं. शनिवार-रविवार धरून जा आणि वेळ आदल्या दिवशी पाहा. जवळच्या सोंब्रेनोच्या देवळातही अशीच एक आहे, ती मॅमथची असल्याचं निसर्ग-अभ्यासक एन्रिको काफ्फी यांनी सांगितलं. नदीच्या खडीतून हिमयुगातली हाडं निघतात हे या मुलखाला नवं नाही. एवढं मोठं हाड शेतकऱ्याच्या हाती लागल्यावर त्याने चर्चमध्येच नेऊन ठेवलं असणार. घरात कोण ठेवील?

एक दिवस हाताशी असेल तर क्रेमाच्या उत्तरेला काप्राल्बा स्थानकावर उतरा आणि ‘फोन्तानिले’ शोधा. वरच्या अंगाला जमिनीत जाड खडी, खाली बारीक माती. खडीतून सरकणारं पाणी मातीला अडून वर येतं. तिथे चर खणून त्यात बिनबुडाची पिंपं किंवा नळ रोवतात आणि पाणी आपोआप उसळत राहतं. बारा महिने साधारण दहा ते चौदा अंश, म्हणून हिवाळ्यातही त्यावर गवत पिकवता येई. उन्हाळ्यात गेलात तर डासांचं मलम न्या, आणि वाटा कच्च्या असल्याने रुंद टायरची सायकल घ्या. गाडीत सायकलीचं तिकीट वेगळं लागतं. आमची पसंती जानेवारीची सकाळ, आठच्या आधी. हवा शून्याजवळ, पाणी कोमट, आणि चराच्या तोंडाशी वाफ दाट उभी असते. फक्त काठ निसरडा असतो, तेवढं जपा.