तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला निबंध सुचत नाही, काय करायचं?

पालकसभा संपली की एखादी आई हमखास मागं थांबते. "मॅडम, बाकी सगळं करतो हो, पण निबंध म्हटलं की पेन चावत बसतो. सुचतच नाही त्याला. काय करायचं?" मी जुन्नर तालुक्यात नववी-दहावीला मराठी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला एसटीत आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा गाठतो. उभ्याउभ्या दिलेल्या उत्तरानं कुणाचं समाधान होत नाही, माझंही नाही. म्हणून आज जरा बसून लिहिते.

पोराला सुचत नाही, हेच मुळात मला पटत नाही. त्याला चिक्कार सुचतं. पण जे सुचतं ते निबंधात चालतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्या लेखी निबंध म्हणजे 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' इथून निघून 'म्हणूनच म्हटले आहे की' इथं पोचायचं. घरात, शेतात, गल्लीत जे घडतं त्याला या रस्त्यावर जागाच नाही. मग पेन चावण्यावाचून दुसरं काय करणार?

मागं नववीच्या वर्गाला 'आठवडी बाजार' हा विषय दिला होता. एका मुलीनं पानभर लिहून आणलं. बाजारात खूप गर्दी होती, रंगीबेरंगी भाज्या होत्या, खेळण्यांची दुकानं होती, भेळेची गाडी होती, सर्वत्र आनंदाचं वातावरण होतं. चूक एकही नाही आणि वाचावं असंही काही नाही. आता हिची आई दर आठवड्याला त्याच बाजारात पालेभाजी घेऊन बसते आणि शाळेला सुट्टी असली की ही सोबत असते, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, वही मिट आणि नुसतं सांग. आई कुठं बसते?

"पाण्याच्या टाकीजवळ. सकाळी लवकर गेलं तरच ती जागा मिळते. नाही तर उन्हात."

उन्हात बसलं तर काय होतं?

"कोथिंबीर मान टाकते ना मॅडम. मग गोणपाट ओलं करून वर टाकायचं. पिवळी पानं काढून जुडी परत बांधायची. तरी लोक म्हणतात, शिळी आहे."

मग भाव निघाला. सकाळी जुडी वीसला. भवानीच्या गिऱ्हाईकाशी आई घासाघीस करत नाही, मागेल त्यात देऊन टाकते. दुपारी दहा. पावती फाडणारा येऊन जातो, त्याला सुटे द्यावे लागतात. दिवेलागणीला पाच. आणि पाचलाही कुणी घेईना, की उरलेल्या जुड्या शेजारच्या बटाटेवालीला द्यायच्या आणि तिच्याकडून बटाटे घ्यायचे. माल घरी परत न्यायचा नाही, हा आईचा नियम.

मी तिला समासात एवढंच लिहायला लावलं: २०, १०, ५, बटाटे. आराखडा झाला! प्रत्येक आकड्याखाली तिनं दोन-तीन शब्द टिपले: टाकी, भवानी, गोणपाट, पावती. भेळेची गाडी घ्यायची का, असं तिनं विचारलं. मी विचारलं, आईच्या पोत्यावर बसून ती गाडी दिसते का? नाही दिसत. मग गेली. खेळणीही गेली. आपण कुठं बसून बघतोय हे एकदा नक्की झालं, की काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचा निम्मा निकाल तिथंच लागतो. मुद्दे काढणं म्हणजे आठवेल ते ओळीनं मांडणं, अशी मुलांची समजूत असते. खरं काम टाकून देण्याचं आहे आणि ते जिवावर येतं, कारण पान भरायचं असतं.

दुसऱ्या खर्ड्यात एकच खटका उडाला. बटाट्यांनंतर तिनं 'अशा प्रकारे बाजार हा आपल्या जीवनाचा अविभाज्य भाग आहे' असं लिहून ठेवलं होतं. खोड म्हटलं, तर म्हणाली, "मॅडम, समारोप नको का?" मी म्हटलं, बटाटे घेतले, दिवस संपला, आणखी काय हवं? तिनं खोडलं, पण नाखुशीनं. तिच्या जागी मी असते तर मलाही भीती वाटली असती, कारण वर्षानुवर्षं आम्हीच त्यांना प्रस्तावना-मध्य-समारोप पाठ करायला लावलंय.

परीक्षेचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. दहावीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे मराठीच्या प्रश्नपत्रिकेत, उपयोजित लेखनाला (पत्र, बातमी, निबंध वगैरे) २४ गुण आणि त्यातले ८ निबंधाला. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यांतलं एक निवडायचं. बरेचदा मुद्दे चौकटीत छापूनच येतात आणि मुलं प्रत्येक चौकटीचा एकेक परिच्छेद पाडून मोकळी होतात. तीन तासांचा हिशोब मांडला तर ८ गुणांच्या वाट्याला अठरा मिनिटं येतात. त्यातली चार-पाच समासात खरडण्यात घालवा म्हटलं की मुलांना धडकी भरते. पण पुढं अडून बसायला होत नाही, म्हणून ती मिनिटं वसूल होतात. छापलेल्या मुद्द्यांतला आपल्याला जवळचा एक मोठा करायचा आणि बाकीच्यांना एकेका वाक्यात वाटेला लावायचं.

वैचारिक निबंधाचं दुखणं वेगळं. 'मोबाइल: शाप की वरदान' यावर अर्धं पान शाप, अर्धं पान वरदान आणि शेवटी 'योग्य वापर केला तर वरदानच'. हे कुणाचंच मत नसतं. लिहिण्याआधी मुलाला घरच्या कुणाशी तरी भांडू द्या. आजोबांचं म्हणणं खोडायला गेला की त्याला स्वतःचं म्हणणं सापडतं. तेवढं मिळालं की बाकीची रचना अवघड नाही.

हल्ली मोबाइललाच निबंध लिहायला सांगतात. तो लिहितोही, अगदी बिनचूक. फक्त त्यात बटाटेवाली येत नाही.

तेव्हा घरी एवढं करा. विषय मिळाला की वही उघडू नका, दहा मिनिटं पोराला बोलतं करा आणि मध्येमध्ये 'मग काय झालं?' विचारत राहा. तो बोलताना जिथं रंगला, तो शब्द कागदावर टिपून ठेवा. निबंध लिहून आणला की आधी त्याला मोठ्यानं वाचायला लावा. पहिला परिच्छेद झाकून पुढचं चालतंय का बघा. बहुतेक वेळा चालतं. आणि कृपा करून पहिल्याच खर्ड्यावर लाल पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नका. ते मी करते, मला त्याचाच पगार मिळतो.