तुम्ही विचारलेत म्हणून : चहाचाही हिशेब कशाला?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाने चहाचे दहा रुपयेही वहीत लिहावेत, हा अभ्यासिकेतल्या मित्रांना चिकटपणा वाटतो आणि गावाकडच्या नातेवाइकांना घरच्या ओढाताणीचे प्रदर्शन वाटते. "वडील वेळेवर पैसे पाठवतात ना? मग हे कशाला?" असे दोघेही विचारतात. एकदा नीट उत्तर द्यावे, म्हणून हे लिहितो आहे.

खर्च कमी व्हावा म्हणून मी हिशेब लिहीत नाही. वही असूनही मी चहा पितो आणि सिनेमालाही जातो. पैसे आले की कॉटचे भाडे, मेस आणि अभ्यासिकेची फी आधी बाजूला काढतो आणि उरलेली रक्कम आठवड्यांत वाटतो. परीक्षेचे अर्ज, टेस्ट सिरीज आणि दिवाळीला गावी जाण्याचे तिकीट हे खर्च दरमहा येत नसले, तरी येणारच असतात, म्हणून त्यांच्यासाठी दर महिन्याला थोडे वेगळे ठेवावे लागते. आमच्या वयाच्या बहुतेकांचे गणित इथे कोलमडते, चहावर नव्हे.

माझ्या खोलीतल्या मित्राचे तसेच झाले. २०२४ च्या दिवाळीचे दिवस होते. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून बऱ्याच कमी भावाने माल जात होता, आणि भाव चढेल या आशेने त्याच्या वडिलांनी पोती घरातच ठेवली होती. मेसचे पैसे थकले, तेव्हा घरी न सांगता त्याने एका ॲपवरून पाच हजारांचे कर्ज घेतले. शुल्क कापून हातात बत्तीसशे आले, आणि आठवड्याने पूर्ण पाच हजार परत करायचे होते. ते फेडायला दुसरे ॲप आले, मग तिसरे. मुदत टळताच त्याच्या फोनमधल्या नंबरांवर फोन सुरू झाले. बहिणीच्या सासरी, गावच्या सरपंचांना, अगदी मलाही, तो फसवा असल्याचे कळवण्यात आले आणि त्याचा छेडछाड केलेला फोटो फिरवण्यात आला. कर्ज देणाऱ्या ॲपने संपर्कयादीला हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावले आहे. पण या ॲपमागे कोण आहे, हेच कळत नव्हते. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील एसटीने आले. ते रागावले नाहीत. "अरे, दोन पोती मोडली असती. सांगायचं तरी होतंस," एवढेच म्हणाले, आणि त्याला त्यावर काहीही बोलता आले नाही.

वही असती तर हे घडले नसते, असे तेव्हा मी सर्वांना ठासून सांगत होतो. आज तसे म्हणवत नाही. त्याने उधळपट्टी केलीच नव्हती. त्याला पैसे खरोखरच कमी पडत होते, आणि हिशेब लिहिल्याने उत्पन्न वाढत नाही. वहीमुळे फार तर अठ्ठावीस तारखेला कळणारी तूट दहा तारखेला कळते, आणि "पैसे पाठवा" असे मोघम म्हणण्याऐवजी "बाराशे कमी पडतील, त्यांतले मेसचे इतके" असे सांगता येते. माझ्यासाठी हे फार मोठे आहे. मला चिकट म्हणणाऱ्यांनी निदान एवढे समजून घ्यावे.

पण आधी कळले असते, तरी त्याने सांगितले असते का? घरात पोती पडून आहेत आणि वडील भावाची वाट पाहत आहेत, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तर तो गप्प राहिला. मी मात्र तूट दिसताच घरी सांगतो. माल विकून त्याची पट्टी, म्हणजे हिशेबाचे पैसे, हातात येण्याआधी वडिलांना अडचणीत टाकणे योग्य की दोन वेळचे जेवण एक वेळेवर आणणे योग्य, हे मला ठरवता आलेले नाही. मित्र आता माझ्यासारखीच वही ठेवतो, पण तुटीचा आकडा घरी सांगत नाही, आणि त्यावरून आमचे आजही वाद होतात.